पॅरिस, ढाका आणि घर

"लीना, राजधान्या राहू देत. लेकराला आधी आपली गल्ली शिकव," सासूबाई म्हणाल्या होत्या. लीनाने हसण्यावारी नेलं. पाहुणे आले की तिचा चार वर्षांचा शिरीष देश आणि राजधान्या कसा घडाघडा बोलायचा!

एकदा श्रीरामपूरच्या बाजारात तिच्या हातातून त्याचा हात सुटला. कुणीतरी घर विचारलं, तर म्हणाला, "फ्रान्स, पॅरिस." मग काय, लोकांनी त्याला कांद्याच्या पोत्यावरच उभं केलं आणि एकेक देश विचारायला लागले. लीना धावत पोचली तेव्हा तो हुंदके देत "बांगलादेश, ढाका" सांगत होता आणि भोवती सगळे खदाखदा हसत होते. तिला शिसारी आली, त्या माणसांची आणि त्या राजधान्यांचीही. तिने त्याला कडेवर ओढलं.

"थांबा की बाई, चीन ऱ्हायलाय अजून!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तुमच्या लेकराला आज एकदा घर विचारून बघा.