ठेवणीतला आवाज

सोनिकानं जिन्याचं दार ओढून घेतलं. गवत कापायची मशीन पार्किंगच्या फरशीवर आडवी ठेवली आणि फोनचा आवाज कमी करून मेसेज लावला.

"सोनिका, घाई करू नको वं," प्रशिक बोलू लागला. "आधी मशीन थंडी होऊ दे. मग टाकीतलं पेट्रोल काढ. तसंच ठेवलं तर पावसाळ्यापर्यंत त्याचा गोंद होते. मग कितीही दोरी ओढ, सुरू होत नाही."

तिनं मेसेज थांबवला. टाकी तिरपी करून पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, झाकण घट्ट लावलं.

खरं तर हे सगळं तिला पाठ होतं. यंदाच्या पावसाळ्यात मनीषनगरातले रिकामे प्लॉट, सोसायट्यांच्या बागा, एका मंगल कार्यालयाचं लॉन, सगळं तिनंच कापलं होतं. खांद्याला पट्टा लावून बाई मशीन चालवते म्हणून सुरुवातीला लोक गाडी थांबवून पाहत. पुढे पाहणं थांबलं. आता दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडलं होतं. पुढच्या पावसापर्यंत मशीनला काम नव्हतं.

मेसेज मागच्या हिवाळ्यातला. प्रशिक तेव्हा दवाखान्यात होता. कॉलेजपासून खाल्लेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं गळ्यात गाठ धरली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. सोनिका डबा आणायला घरी आली होती. तेवढ्यात त्याचा मेसेज आला. तिला वाटलं होतं, घाबरला असेल, काही मनातलं बोलेल. तो सगळा वेळ मशीन कशी ठेवायची तेच सांगत होता. तिला राग आला. अशा वेळी मशीन कसली सुचते या माणसाला? उत्तरात तिनं नुसता अंगठा पाठवला, आणि रात्री दवाखान्यात डबा देतानाही घुश्श्यातच राहिली.

त्या ऑपरेशननंतर प्रशिकचा आवाज कोणी ऐकला नाही.

तिनं पुन्हा मेसेज लावला.

"आता मशीन सुरू कर. बंद नको करू, आपोआप बंद पडू दे. नळीतलं उरलंसुरलं जळून गेलं पाहिजे."

तिनं दोरी ओढली. मशीन गरजली, मग अडखळली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. निळसर धूर फरशीवर रेंगाळला. हाच वास त्याच्या शर्टांना यायचा. ते शर्ट ती वेगळे धुवायची, धुताना बडबड करायची. आता ती धूर विरेपर्यंत तशीच उभी राहिली.

मशीनचा आवाज ऐकून समोरच्या यमुताई फाटकातून आत आल्या.

"जय भीम वं. मशीन ठेवून राहिली का?"

"जय भीम ताई. हो, झालंच आता."

यमुताईंनी वर घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "अजून ऐकतेस तो मेसेज?"

"मशीनसाठी लागते ना."

"मशीन वर्षातून एकदा ठेवतात. मले रोज दुपारी ऐकू येते."

सोनिका प्लग खोलू लागली.

"जे गेलं ते गेलं, सोनिका. आहे त्याच्याकडं पाहावं माणसानं."

"पाहतेच ना ताई. घरात कधी लावला नाही. म्हणून तर इथं येते."

यमुताई पायरीवर टेकल्या. "हासायचा किती मोठ्यानं. गल्लीच्या टोकाले असला तरी समजे, प्रशिक आला म्हणून."

"मले हासणंही नको," सोनिका म्हणाली. "भांडले तरी चालते. एकदा 'काहून वं' म्हणावं, बस."

प्लग निघाला. तिनं त्या छिद्रात तेलाचे थेंब सोडले. पुढचं ऐकायला फोन उचलला तर तेलकट अंगठा काचेवर घसरला. स्क्रीनवर काहीतरी प्रश्न आला. ओढणीनं काच पुसता पुसता तिचं बोट भलतीकडेच पडलं.

मेसेजच्या जागी रिकामी जागा होती.

तिनं वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं. खाली फक्त तिनं पाठवलेला अंगठा होता.

"ताई, पुसल्या गेला."

"काय वं?"

"यांचा आवाज." आता तिला आवाज खाली ठेवायचं भान राहिलं नाही. "यांचा आवाज पुसल्या गेला, ताई!"

यमुताईंनी फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला, परत दिला. "दुसऱ्या कोणाजवळ असंल ना?"

"मलेच पाठवला होता. फक्त मले."

यमुताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुन्हा एकदा वर पाहिलं आणि आपल्या घरी निघून गेल्या.

सोनिका मशीनजवळ फरशीवर बसली. प्लग बाहेरच पडला होता. तेलानंतर काय, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. दोरी हळू ओढायची, तेल आत पसरू द्यायचं, मग प्लग बसवायचा. शब्द सगळे आठवले. पण ते तिच्याच आवाजात आठवत होते. तिनं डोळे मिटून पाहिले, कान झाकून पाहिले. तिच्याच आवाजात.

फोन टिणकला.

तेलकट काचेवर नाव आलं, प्रशिक. नावाखाली तोच मेसेज होता.

तिनं वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तिचा नवरा कठड्याला टेकून उभा होता, गळ्यातल्या छिद्रावर पांढरं फडकं बांधलेलं, हातात फोन. त्यानं ओठ हलवले, वर्षभर हलवत आलाय तसे, आवाजाशिवाय.

पुढचं लाव.