रुमालाखालचा हात

"थांब!" ओडालीने यंत्राचं बटण दाबलं आणि त्यावरचा हात काढलाच नाही.

पडद्यावर तिचा नवरा नुमा, ट्रम्पेट ओठांना लावलेला, जागच्या जागी थिजला. उजव्या हातावर नेहमीचा पांढरा रुमाल. त्या रुमालाने न्यू ऑर्लिन्सच्या वादकांची झोप उडवली होती. कळांवर बोटं कशी पडतात ते कुणी चोरू नये म्हणून नुमा हात झाकतो, असं जो तो म्हणायचा. नुमाने ते कधी नाकारलं नाही. त्याचा तो रडवेला, ओढलेला सूर शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला साधला नाही.

"पुढे रुमाल घसरतो, ओडालीबाई," संग्रहालयाची क्लोडेट म्हणाली. "त्यांची फिल्म अशी ही एकच सापडलीय. पण तुमची सही नसेल तर आम्ही ती कुणाला दाखवणार नाही."

रुमालाखाली काय होतं ते आता ओडालीला एकटीलाच ठाऊक होतं. "कळू देऊ नकोस," नुमा मरताना म्हणाला होता. "लोक कीव करत बसतील. ऐकणार नाहीत." अकरा वर्षं तिने तो शब्द जिवापाड जपला होता.

शेजारी अल्सीड बसला होता. एकाच बँडमध्ये नुमाच्या खांद्याला खांदा लावून त्याने तीस वर्षं ट्रम्पेट वाजवला होता. फिल्ममधली धून ओळखायला त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

"झाकलंस ना?" तो फिस्कारला. "नवरा कंजूष, बायको महाकंजूष! तीस वर्षं एका पातेल्यातला गंबो खाल्ला आम्ही, पण एक सूर दाखवला नाही पठ्ठ्याने. मी सगळ्यांना सांगतो, नुमा वाजवायचा देवासारखा, पण मनाचा भिकारी."

ओडालीला ते फार झोंबलं. म्हणजे इतकी वर्षं ती राखत बसली होती ते हे नाव? याच्यापेक्षा कीव परवडली. तिने बटणावरचा हात उचलला.

"लाव गं," ती क्लोडेटला म्हणाली. "आणि तू, अल्सीड, नीट डोळे फाडून बघ."

रुमाल घसरला. तीन कळांवर तीन बोटं होती. दोन भराभर नाचत होती. तिसरं लाकडासारखं ताठ होतं, एकदाही वाकलं नाही.

"ऊस तोडताना कोयता लागला होता, लग्नाआधी," ओडाली म्हणाली. "बोट मेलं ते मेलंच. चारचौघांत तो हात कायम खिशात, जेवणसुद्धा डाव्या हाताने. कळलं असतं तर कुठल्या बँडने उभं केलं असतं त्याला? तिसरी कळ लागेल तिथे तो नुसत्या ओठांनी सूर ओढून काढायचा. तुला काय दाखवणार होता, कपाळ?"

अल्सीड पडद्याकडे झुकला. रडवेला सूर आला आणि गेला. आता तो हळहळणार, 'बिचारा' म्हणणार, म्हणून ओडालीने मान खाली घातली.

"पुन्हा लाव," अल्सीडचा आवाज चिरकला. "जन्मभर शोधला मी तो सूर. माझं एक बोट जास्त होतं, ओडाली."