हायडनचा दणका

“समिधा, तिचं तोंड माझ्याकडे कर आणि स्पीकरकडे पाठ,” पंढरीनाथ सुनेला म्हणाले. त्यांनी मोबाइल हातात घेतला. “आणि सॉकेटमधला तो मिक्सर काढून तिथे स्पीकरची पिन लाव तेवढी.”

नऊ महिन्यांची आरोही आईच्या मांडीवर पाय झाडत होती. तोंडाची नुसती उघडझाप. ‘बा’ नाही, ‘मा’ नाही. नवघरच्या या दोन खोल्यांत नातीचा एक बोबडा शब्द आजोबांच्या कानावर पडला नव्हता. रत्नागिरीला त्यांच्या चुलत्याची मुलगी अशीच गप्प असायची. तिला ऐकू येत नाही, हे कळायला घरच्यांना तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं पंढरीनाथांना इथे घालवायची नव्हती.

“बाबा, बोलते ओ ती. दिवसभर बडबड चालू असते,” समिधा ओरडली.

हल्ली ती सगळंच ओरडून बोलायची. बाळंतपणानंतर बायका चिडक्या होतात म्हणे, म्हणून ते मनाला लावून घेत नसत. आईचं काळीज, तिला कसं पटणार? पण कानाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ तिनेच घेऊन ठेवली होती. म्हणजे शंका तिच्याही मनात होतीच.

सोमवारपर्यंत त्यांना दम धरवेना. म्हणून आज हायडन.

लष्कराच्या बँडमध्ये पंढरीनाथांनी सव्वीस वर्षं कॉर्नेट वाजवला, तोही कायम मोठ्या ड्रमच्या पुढ्यात उभं राहून. मोत्झार्टची चाळिसावी सिम्फनी, बीथोवनची पाचवी, सगळ्या डोक्यात पाठ. बीथोवनने नववी लिहिली तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं, हे ते नव्या पोरांना छाती फुगवून सांगत. पण त्याने आधी भरपूर ऐकून ठेवलं होतं. या पोरीच्या गाठीला काय असणार?

हायडनच्या ‘सरप्राइज’ सिम्फनीचा दुसरा भाग इतका हळू सुरू होतो की ऐकणाऱ्याला पेंग यावी. आणि सोळाव्या बारला, म्हणजे तालाच्या सोळाव्या घराला, सगळा वाद्यवृंद एकदम अंगावर येतो. भलेभले खुर्चीत उडतात. कान असलेलं पोर दचकणारच.

त्यांनी मोबाइलला स्पीकरची वायर जोडली, आवाज पूर्ण वाढवला.

“अल्पेशभाई परत येतील हां,” समिधा ओरडली.

शेजारचे अल्पेशभाई टीव्हीच्या आवाजावरून दोनदा ‘काका, थोडा धीमा’ म्हणून गेले होते. हल्ली लोकांना कशाचाही त्रास होतो.

“येऊ देत,” म्हणत पंढरीनाथांनी बटण दाबलं. मोबाइलवरची रेघ सरकू लागली. ते बोटांनी बार मोजू लागले. एक, दोन. हळू, जपून टाकलेल्या पावलांसारखं. आरोही त्यांच्या बोटांकडे बघून हसली. आठ. आता तीच चाल, आणखी हळू. बारा. त्यांच्या कपाळावर घाम आला. देवा, एकदाच दचकू दे तिला. चौदा, पंधरा.

सोळा. पंढरीनाथांच्या छातीत सगळा वाद्यवृंद कोसळला.

आरोहीची पापणीसुद्धा हलली नाही. ती अजून त्यांच्या बोटांकडेच बघत होती.

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. “पाहिलंस ना?” ते म्हणाले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

समिधा गोंधळली. मग पोरीला कडेवर घेऊन ती जवळ आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि नेहमीसारखी ओरडली, “बाबा, स्पीकरची पिन अजून माझ्या हातात आहे. लावू का आता?”