डावी पापणी
सहा वर्षांच्या लेकीच्या डाव्या पापणीत मज्जातंतूंची गाठ वाढली आणि पापणीने अर्धा डोळा झाकला. डॉक्टरबाई तिच्या न्हावी बापाला म्हणाल्या, “कापायला गेलं तर नजर जायची भीती. औषधाने आक्रसते का पाहू. कॅप्सूल मात्र अख्खी गिळायची.” लेक ती रोज थुंकून टाकायची. शेवटी बाप समोर मांडी घालून बसला. “चल, पैज! आधी कोण गिळतं?” त्याने साखरेची गोळी घेतली, त्यालाच ठसका लागला आणि लेक जिंकली. मग औषध नेमाने पोटात जाऊ लागलं. अंगावर पुरळ उठलं, पण गाठ लहान झाली, पापणी वर सरकली. वर्षभराने डॉक्टरबाईंनी तिचा उजवा डोळा झाकला. “काय दिसतंय?” लेकीने बापाकडे निरखून पाहिलं. “बाबा, तुझी मिशी वाकडी कापलीय.” “असू दे,” बाप म्हणाला, “आणखी काय काय वाकडं दिसतंय, सांग.”