लघवीतलं कूळ

पोह्यांच्या बशीशेजारी आपल्याच लघवीची बाटली पाहून केतकीनं बशी लांब सारली. हल्ली स्थळं पत्रिकेवर नाही, लघवीतल्या विषाणूवर जुळत. तो म्हणे घराण्यातच उतरतो.

“कूळ अस्सल हवं हो आम्हाला,” म्हणत मुलाच्या आईनं, दमयंतीबाईंनी, यंत्रात थेंब सोडला.

“मग तुमच्या शंतनूचंही बघा की!” केतकी फणकारली.

शंतनूचा विषाणू आईबापांशी जुळलाच नाही. यंत्रानं सरकारी नोंदीतून नाव काढलं ते ठकूबाईंचं. त्याला लहानाचं मोठं करणारी, त्यांच्यासोबत आलेली ती मोलकरीण आत्ताही दाराशी चपलांजवळ बसली होती.

“रक्तातून नाही येत हा, काकू. सांभाळणाऱ्याकडून येतो,” केतकी म्हणाली.

दमयंतीबाईंनी नाकाला पदर लावला आणि पोटच्या मुलापासून हातभर सरकून बसल्या.