सुटलेला टाका

साखरेच्या आजाराने शिवणवाल्या मावशींच्या उजव्या डोळ्याचा मागचा पडदा खराब व्हायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी तिथे लेझरने बारीक बारीक डाग दिले, त्याला तीन महिने झाले. तरी मावशींच्या जिवाला घोर होताच. नजर गेली की सुई गेली, आणि सुई गेली की मग उरलं काय?

आज मावशींनी डावा डोळा पुठ्ठ्याने झाकून समोरचा अक्षरांचा तक्ता तळापर्यंत धडाधड म्हणून दाखवला.

"बाहेर बसून पाठ केलात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशींनी मान खाली घातली.

"बरं, पुठ्ठा असाच धरा. तुमच्या पडद्याचा फोटो तरी बघा."

स्क्रीनवर नारिंगी गोल होता आणि त्यात फिकट ठिपक्यांच्या ओळी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची शिवण उसवत आलेली बाई, तिला गप्प बसवतंय कुठे? मावशी पुढे वाकल्या.

"हात बरा आहे तुमचा. पण ही तिसरी ओळ जरा तिरकी गेलीये. आणि इथे बघा, एक टाका सुटलाय."

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनला नाक लावून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना तो दिसला.

"तेव्हा तुम्ही शिंकला होतात, मावशी."

"शिवण चुकली की कापडाला नावं ठेवायची नसतात."

डॉक्टरीणबाई हसत हसत कागदावर काहीतरी लिहायला लागल्या.

"झाली तपासणी. आता काढा तो पुठ्ठा."

मावशींचा हात अजून डाव्या डोळ्यावरच होता.