वर्नाची खुर्ची

देवाशपथ सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे! नेब्रास्कातल्या त्या गावात बाराच माणसं उरली होती, तरी गावाच्या वाढदिवसाची मिरवणूक दरवर्षी निघायची. अकरा जण सजवलेल्या ट्रॉलीत, आणि बघायला रस्त्याकडेला खुर्ची टाकून एकटी वर्ना म्हातारी.

"ज्या पणजीनं गाव वसवलं, तिचा झगा घालून यंदा मी मिरवणार," ती सरपंच भावाला म्हणाली.

"अगं ताई, मग बघणार कोण?"

"तुझं थोबाड? जन्मभर बघतेय की! पुरे झालं."

वर्ना ऐटीत ट्रॉलीत बसली आणि दोन्ही बाजूंना हात हलवत राहिली. तिच्या खुर्चीवर एक भटकं कुत्रं चढलं आणि शेवटपर्यंत मिरवणूक बघत बसलं.



बरं, कुत्रं तेवढं माझ्या पदरचं. खुर्ची रिकामीच होती.